केसभर फट

४ मार्च

आज त्याचा जबडा दातांच्या लॅबमधल्या माझ्या टेबलावर आला. हो, त्याचाच! डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव नसतं, नुसता नंबर आणि दातांचा रंग. पण प्लास्टरच्या साच्यातला तो खालचा तिरपा सुळा – शेजारच्या दातावर मांडी ठोकून बसलेला! नवरा म्हणून रोज समोर बसून जेवायचा, तेव्हा तोच तर बघत होते. एक दाढ गेलीय, तिथे हाडात इम्प्लांट बसवलंय. वरची कॅप मी करायची.

आणि बाकीचे दात जराही झिजलेले नाहीत. माझे केस पिकले, या माणसाला मात्र वय शिवत नाही!

५ मार्च

कामाला हात लावला नाही. पोराला शाळेतून परस्पर घेऊन गेला, त्याला आता तेरा वर्षं झाली. 'तुझ्या आईला तू नको होतास' असं त्याच्या मनात भरवलं, हे नणंदेनंच सांगितलं मला. वाढदिवसाला पाठवलेला स्वेटर तसाच परत आला. आणि आता माझ्या हातच्या कॅपनं चावणार? चाव बाबा, चाव!

६ मार्च

सुचलं. खरे दात जन्मभर हळूहळू पुढे सरकत असतात. इम्प्लांट हाडात गच्च, ते जागचं हलत नाही. म्हणून कॅप शेजारच्या दाताला नीट टेकवावी लागते, आणि तरीही कधीकधी फट पडते. फटीत घास अडकतो, हिरडी सुजते, आणि किडतो कोण? इम्प्लांटला कीड लागत नाही, ते नामानिराळं! किडतो तो शेजारचा धडधाकट दात.

म्हणजे केसभर सैल ठेवायची. बस्स. पुढेमागे फट दिसली तरी म्हणतील, पडते कधीकधी. माझ्याकडे बोट कोण दाखवणार?

७ मार्च

झाली! इतकं देखणं काम कित्येक महिन्यांत हातून उतरलं नव्हतं. मालक म्हणाले, "बाई, हात आहे तुमचा!" हसू दाबलं. डॉक्टर दोरा घालून बघतात, पण घाईघाईत. दोरा अडल्यासारखा वाटेल इतपतच सैल ठेवलीय.

८ मार्च

सकाळी मन खाऊ लागलं. चिनी मातीचा अजून एक थर चढवून भट्टीत घातली की काम सरळ. डबीतून काढलीही. मग तो स्वेटर डोळ्यांसमोर आला – घडीसुद्धा मोडली नव्हती. पाठवून दिली.

११ मार्च

बसली! डॉक्टरांचा फोन – "एकदम फिट." आज पोटभर जेवले. आता सावकाश किडू दे. ठणकू दे. उशीत तोंड खुपसून कळवळू दे मेल्याला!

१५ मार्च

डॉक्टर नवं काम घेऊन स्वतः आले. सहज विचारलं, त्या दाढेचे गृहस्थ बरे आहेत ना?

"गृहस्थ कसला, विशीतलं पोर! गेल्या वर्षी सायकलवरून आपटला होता. कॅपवर खूश आहे हो. म्हणाला, माझी आईपण हेच काम करते, ती सापडली असती तर तिच्याकडूनच करून घेतली असती."

"परत मागवा," मी म्हटलं. "शेजारच्या दाताला टेकत नाहीय ती."

"आता कुठून? काल परदेशी गेला तो."