लेन्समधली बुरशी

ता. १४, रविवार दुपार

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मी इथे खुशाल आहे, घरी तुम्ही सगळे तसेच असाल असं धरून चालतो.

पत्र बघून तुला हसू येईल. हातात फोन असताना हा पठ्ठ्या कागद काळे करतोय म्हणशील, तेही आठवीपर्यंतच्या अक्षरात. पण तू फोन स्पीकरवर लावतेस. शेजारी बाबा बसलेले असतात, आणि मधेच दाजी विचारतात, या वेळची नोकरी तरी टिकली का. म्हणून पत्र. हे मोठ्याने वाचू नकोस. कुणी विचारलंच तर सांग, लेन्सबद्दल विचारलंय. ते काही खोटं नाही.

तर लेन्स. तू तुझ्या फोटो स्टुडिओतून दिलेला जुना कॅमेरा चांगला चालतो, पण त्याच्या लेन्सने खिडकीतली मुंगी काढली तर तिळाएवढी येते, आणि आवारातल्या दिव्याच्या खांबावर घार बसते ती माशीएवढी. दाजींना फोटो पाठवला तर म्हणाले, यातली घार कोणती? मला जवळचीही लेन्स हवी आणि लांबचीही. एकावर माझं भागत नाही, हे तुला काय सांगायचं. पायाला भिंगरी घेऊनच जन्मलोय.

तू सांगितलेलं सगळं लक्षात ठेवलं होतं. जवळच्या फोटोंसाठी महाग मॅक्रो लेन्स नको, कॅमेरा आणि लेन्स यांच्या मधे बसवायच्या पोकळ रिंगा घे, नवशिक्याला त्या पुरतात. लांबची मात्र हात हलला तरी फोटो न हलणारी घे, जुनी चालेल. आणि जुनी घेताना आत बुरशी बघून घे, दमट जागी पडलेल्या लेन्सला आतून जाळं धरतं.

काल गेलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. दुकानदार म्हातारा, तोंडाने खवट. त्याने लांबची एक लेन्स दिली, मी कॅमेऱ्याला लावून डोळ्याला धरली. उजवीकडे वरच्या बाजूला धुरकट. म्हटलं, “हिच्यात बुरशी आहे.” त्याने दुसरी दिली. तिच्यातही तेच, त्याच जागी. तिसरीतही.

“मुलगी बघायला आलायस की लेन्स?” तो म्हणाला. “प्रत्येकीत खोट काढतोस.”

“तुमचा मालच ओलीतला असेल तर मी काय करू?”

त्यावर त्याने कोरी लेन्स काढली. खोक्याचं सीलही माझ्यासमोर फोडलं. मी बघितलं, आणि म्हणालो, “हिच्यातही आहे.”

मला वाटलं आता हाकलतो. त्याने फक्त माझ्या हातातून कॅमेरा घेतला, दारातून समोरच्या रस्त्याचा एक फोटो काढला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. फोटो स्वच्छ होता, ताई. अगदी कोपऱ्यापर्यंत. समोरच्या दुकानाची पाटीसुद्धा वाचता येत होती.

“आता डाव्या डोळ्याने बघ,” तो म्हणाला.

डाव्याने बघितलं. धूर कुठेच नव्हता.

त्याने लेन्स एकेक करून झाकणं लावून ठेवल्या. मी निघालो तेव्हा एवढा खवट माणूस दार धरून उभा राहिला. त्यानेच मी जास्त घाबरलो.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण अर्धवट सांगून तुला घोर लावण्यात अर्थ नाही.

मी इथे गोदामात माल उचलायची गाडी चालवतो, हे तू सगळ्यांना मिरवून सांगतेस. गेल्या आठवड्यात माल घेऊन उजवीकडे वळलो आणि बुटक्या ओरडला. बुटक्या म्हणजे माझा जोडीदार, खोलीतही शेजारच्याच खाटेवर असतो. गाडीचा लोखंडी दाता त्याच्या पोटाला टेकून थांबला. मी वर त्यालाच शिव्या घातल्या, भुतासारखा कुठून उगवलास म्हणून. तो पांढराफटक पडला होता. म्हणाला, “उगवलो कुठून? उजवीकडून सरळ चालत आलो. तू माझ्याकडेच बघत होतास की.”

बाबा आईशी असेच भांडायचे. स्टूल मधे कुणी ठेवलं, दार अर्धं कुणी लोटलं. आपण हसायचो. काचबिंदू कळेपर्यंत जी नजर गेली ती गेलीच. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या, हा रक्तात उतरतो, मुलांनीही तपासून घ्या.

गाडीवर मी परत बसलेलो नाही. मुकादमाला मनगट मुरगळलं सांगितलं, त्याने हातात झाडू दिला. सोमवारी गाडीवर दिसला नाहीस तर दुसरा बसवतो म्हणाला. बसवू दे. झोपलो की बुटक्याचं पोट दिसतं. मंगळवारी इथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावलाय.

पण ताई, पत्र लिहायला बसलो ते माझ्यासाठी नाही. परवा फोनवर तू म्हणालीस, स्टुडिओतला कॅमेरा डावीकडे अंधुक दाखवतो, दोनदा साफ करून आणला तरी तसाच, आणि एका जोडप्याच्या फोटोत नवऱ्याचा खांदाच कापला गेला म्हणून ते भांडून गेले. मी तेव्हा म्हटलं, बुरशी असेल.

हे वाचून झालं की त्याच कॅमेऱ्याने एक फोटो काढ. कशाचाही. स्क्रीनवर तू एकटी बघू नकोस, दाजींना दाखव आणि डावीकडे कसं दिसतं ते विचार. मग एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीकडे बघ. फोटो स्वच्छ आला तर स्टुडिओ बंद करून सरळ बाबांच्या डॉक्टरांकडे जा, गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी. थेंब वेळेवर सुरू झाले तर उरलेली नजर राहते, असं त्याच म्हणाल्या होत्या. मग मला फोन कर, स्पीकर न लावता.

तुझा कॅमेरा खरंच बिघडलेला निघो, एवढंच मागणारा

तुझा धाकटा