दिवाळी पहाट, अमेरिकन पद्धतीची

मनीमाजरा, चंदीगड
भाऊबीजेचा दुसरा दिवस

तीर्थरूप वंदनाक्कास,

दामोदरचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्यामुळे सध्या कागदावरच). मिरजेला तुझी तब्येत बरी असेल असे धरून चालतो. इकडे हवेत धूर इतका आहे की सगळे चंदीगड तुझ्यासारखे खोकते. शोभनाचा नमस्कार. लेकीचाही आहे, पण तो तू घेणार नाहीस हे तिला ठाऊक आहे, म्हणून कंसात टाकतो (कादंबरीचा नमस्कार).

आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त कर्नल लक्ष्मीकांत, यांनी यंदा दिवाळी पहाटेला कादंबरीचे गाणे ठेवले. मिरजेच्या वंदनाबाईंची ही भाची आणि शिष्या, एवढेच त्यांच्या कानावर होते. त्यावरून ख्याल, नाट्यगीत आणि शेवटी भैरवी असे परस्पर ठरवून त्यांनी निमंत्रणेही धाडली. ख्याल सोडून ती जाझ गाते आणि त्यावरून सहा वर्षे आत्या तिच्याशी बोलत नाही, हे घरातले मळभ मंडळाला कोण सांगणार?

पहाटे हॉलवर गेलो तर मंचावर गादी, लोड, समई, गुलाबपाणी. आणि त्या गादीवर आयटी पार्कात नोकरी करणारा गुरबाज नावाचा सरदार, स्वतःपेक्षा उंच डबल बेस कवटाळून उभा. (बूट बाहेर काढायला लावल्यामुळे मोज्यांत. एका मोज्यातून अंगठा दर्शन देत होता.) कर्नलसाहेब माझ्या कानाशी आले. "काय हो, तानपुरा एवढा मोठा?" मी म्हटले, "पंजाबात सगळे मोठेच असते."

तिने एका जुन्या अमेरिकन गीतकाराची गाणी घेतली. हा गृहस्थ जन्मभर फक्त निघून गेलेल्या माणसांवरच लिहीत असावा. पहिल्याच गाण्याचा अर्थ असा, की तू गेलास, आता दिवा कोणासाठी लावू. बाहेर पणत्या आणि आत हे. पहिल्या रांगेतल्या ओजस्विनी वहिनी "सणासुदीला काय बाई हे अभद्र!" म्हणत तोंडाला पदर लावून बसल्या. कर्नलसाहेब मांडीवर ताल धरून समेची वाट बघत होते. ती येईना. एकदा आलीशी वाटली म्हणून "वा!" म्हणाले, तर गाणे केव्हाच पुढे गेलेले. मग कुठेतरी लागेल या हिशेबाने ते अधूनमधून "वा" सोडत राहिले.

पण अक्का, ती एक ओळ पोरीने सोडलीच नाही. कधी 'कोणासाठी'वर थबकली, कधी 'दिवा' नुसता बोलल्यासारखा म्हटला, कधी सगळी ओळ इतकी हलकी टाकली की जणू दुसऱ्याच कोणाचे दुःख आहे. ठुमरीत एकाच शब्दाला किती परींनी आळवता येते, ते तू तिला शिकवलेस. तेच होते, भाषा तेवढी परकी. ओजस्विनी वहिनींचे यजमान हवाई दलात आहेत, यंदा दिवाळीला घरी नाहीत. वहिनींचा पदर तोंडावरून डोळ्यांवर गेला होता.

शेवटी वर जाताना तिचा स्वर फुटला. लोकांना ती भावना वाटली. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि कर्नलसाहेबांचा "वा" आयुष्यात पहिल्यांदा बरोबर जागी पडला. एकटा गुरबाज मान खाली घालून उभा होता. कादंबरीने हसतमुखाने शाल-श्रीफळ घेतले. गाडीत बसल्यावर गळ्यावर हात ठेवून कुजबुजली, "बाबा, इस बार पक्का गया."

असो. मंडळाची फजिती कळवावी, एवढ्यासाठीच लिहिले. थंडीत जप.

तुझा
दामोदर

ता. क. : तिच्या स्वरयंत्रावर गाठ आहे. कार्तिकी पौर्णिमा झाली की लगेच शस्त्रक्रिया. बोलता येईल, असे डॉक्टर म्हणतात. गाण्याचे विचारले की रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचू लागतात. काल तिने फोनवर लिहून मला दाखवले, "आत्या आएगी?" मी अजून उत्तर दिलेले नाही. तुझा लेक शशिकांत तुला दिल्लीपर्यंत सोडू शकेल का? पुढे मी न्यायला येतो.

आणखी एक ता. क. : डॉक्टरांनी तिला तोंडातून अवाक्षरही काढायची बंदी केली आहे. तेव्हा सहा वर्षांचे तुला जे काही बोलायचे असेल, ते तिला उलट उत्तर न देता ऐकून घ्यावे लागेल. अशी संधी तुला पुन्हा कधी न मिळो.