दौंडचे बुडबुडे आणि माझं निर्व्यसनी लिव्हर

२ जुलै
शिरूरला सहामाही सोनोग्राफी. डॉक्टरचं वय माझ्या छत्रीएवढं. म्हणाला, गुरुजी, लिव्हरवर नवा डाग दिसतोय, पावणेदोन सेंटिमीटर. तुम्हाला जुनी हिपॅटायटिस बी, त्यात लिव्हर कडक झालेलं. अशा पेशंटमध्ये कॅन्सर नाही ना, हे आधी बघावं लागतं. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी करा. शिरेतून बारीक बुडबुडे सोडतात आणि डाग कसा उजळतो ते बघतात.
बुडबुडे! आम्ही पपईच्या देठातून सोडायचो, त्यासाठी कुणी एम.डी. केलं नव्हतं.
आठ दिवसांत करून टाकणार. भ्यायचं कशाला? आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही.

५ जुलै
एक अडचण. गावात लिव्हर म्हटलं की लोक आधी बाटली शोधतात. मांडवगणात एकवीस वर्षं दारूबंदीची प्रभातफेरी मी काढली. घोषणा माझ्या, चाल माझी. म्हणून पारावर सांगून टाकलं, मुतखडा आहे.
बायको, धुरपदा, म्हणाली, खोटं बोलायचं तर पचंल असं तरी बोला.
तिला काव्य कळत नाही, डावपेच काय कळणार.

९ जुलै
पोपट आला. माझा चौथीपर्यंतचा वर्गबंधू. मी मॉनिटर, तो कायम भिंतीवर. पुढे मी गुरुजी झालो आणि तो गुत्त्याचा आधारस्तंभ. प्रभातफेरीत माझ्या घोषणा सर्वांत मोठ्याने हाच द्यायचा, पिऊन.
तांब्याभर कुळथाचं पाणी घेऊन आला. मुतखड्यावर अक्शीर, म्हणाला. पी की मॉनिटर, समद्या गावाला तुझी काळजी हाय. शेवटचा घोट जाईपर्यंत समोर उभा.

१० जुलै
पोट बिघडलं. तपासणी पुढे ढकलली. कारण वैद्यकीय, त्यामुळे दोष नाही.

२६ जुलै
तपासणीची नवी तारीख आजची होती. पण शाळेत कवितागायन स्पर्धा. परीक्षक म्हणून बोलावलं नव्हतं, तरी गेलो. पोरं मोबाईलात बघून कविता म्हणतात! चाल नाही, हातवारे नाहीत. एकीला मध्येच थांबवून चाल शिकवली. हेडमास्तर म्हणाले, गुरुजी, चहा घ्या आणि बसा.
ऑगस्टमध्ये नक्की.

११ ऑगस्ट
शिरूरचा डॉक्टर फोनवर ओरडला. सव्वा महिना झाला म्हणे. मीही सुनावलं. मात्र शिरूर नको, तिथे दर तिसऱ्या दुकानात माझा विद्यार्थी. दौंडला ही तपासणी करणारी डॉक्टर महिन्यातून दोनदा येते. भीमा ओलांडली की मला कोण ओळखतो? हुशारीच लागते.

२० ऑगस्ट
दौंडहून फॉर्म आला. मोतीबिंदूच्या वेळी रक्तात हिपॅटायटिस बी सापडली, तेव्हापासून हेच प्रश्न. दारू पिता का? (अपमान.) लहानपणी एकच सुई अनेकांना वापरलेली आठवते का?
आठवते का! कोंडिबा कंपाउंडर! सायकलची घंटी, स्टोव्हची घरघर, काचेची पिचकारी. सकाळी सुई एकदा उकळायची की मग सबंध शाळा. मी छडी घेऊन रांग सरळ ठेवायचो आणि आदर्श म्हणून सर्वांत शेवटी टोचून घ्यायचो. तोवर सुई बोथट झालेली असे. हूं की चूं केलं नाही. पोपट मात्र दर वेळी भिंतीवरून उडी मारून पसार. आताची पोरं एकेकाला नवी कोरी सुई मागतात. मऊ पिढी.
फॉर्मवर जागा चिमूटभर होती, तरी दोन ओळी बसवल्या:
एक सुई अन् शंभर हात,
कुणाचाही ना झाला घात!

१ सप्टेंबर, सकाळी ११
दौंड. डॉक्टर निघाली मेहक. गावातल्या पाशाभाईंची मुलगी, माझीच विद्यार्थिनी! चौथीत दर कवितेला तिसऱ्या कडव्यावर अडकायची. ही माझं लिव्हर वाचणार.
बाकावर कोण? पोपट. पोरानं बळंच धरून आणला म्हणाला. आन् मॉनिटर, मुतखडा लिव्हरात कवापासून व्हायला लागला?
मी पाटी वाचण्यात गुंग असल्याचं दाखवलं.

दुपारी १
झाली. विजय. ताबडतोब लिहून ठेवतो.
मेहकने फॉर्म वाचला. दोन ओळी दोनदा वाचल्या. काव्याचा परिणाम. मग दुधासारखं औषध हातातल्या शिरेत गेलं. मी वेळ जावा म्हणून कविता सुरू केली. मेहक म्हणाली, गुरुजी, गप्प पडा, चित्र हलतंय. बावीस मुलांच्या वर्गात हेच वाक्य मी तिला रोज म्हणायचो.
पण पडद्यावर काय पाहिलं! सगळं लिव्हर अंधारात आणि माझा डाग आधी लखलखला. जणू शुक्राची चांदणी. नंतर बाकीचं उजळलं. दोनेक मिनिटांनी चांदणी हळूहळू मावळू लागली, शेवटी तिथे काळोख. म्हणजे डाग विरघळला! मेहक घड्याळाकडे बघत होती, तिला सौंदर्य दिसलं नसावं.
बाहेर पोपटला सांगितलं, सर्वांत तेजस्वी माझाच. तो म्हणाला, माझं नुसतं साध्या मशीनवर बघितलं. सूज हाय, बाकी नॉर्मल.
पन्नास वर्षांची दारू आणि नॉर्मल! मशीनच बोगस.

३ सप्टेंबर, सकाळी १०
मेहकचा फोन. गुरुजी, जे आधी चमकलं आणि इतरांआधी विझलं, तेच वाईट असतं. कॅन्सरची गाठ शुद्ध रक्त आधी ओढते आणि मग बुडबुडे लवकर सोडते. तुमच्यासारख्या जोखमीच्या माणसात हे चित्र पुरेसं आहे, तुकडा काढायची गरज नाही. गाठ लहान आहे. पुण्याला सुई घालून जागच्या जागी जाळता येईल. आणखी दोन महिने कविता म्हणत बसला असतात तर अवघड होतं. घरातल्या सगळ्यांचं रक्तही तपासून घ्या.
मी विचारलं, दारू नाही, तंबाखू नाही, मग हे आलं कुठून?
ती म्हणाली, खात्रीनं नाही सांगता येत. पण गुरुजी, तुम्ही स्वतःच लिहून दिलंय की फॉर्मवर.
सगळं सांगताना कुठेही अडखळली नाही.

दुपारी ४
वहीत त्या कवितेची दुसरी ओळ खोडली. पहिली तशीच ठेवली.

४ सप्टेंबर
पोपटच्या घरी गेलो. म्हणालो, मुतखडा नाही.
ठावं हाय, म्हणाला. पहिल्या दिसापासनं ठावं हाय. धुरपदावहिनीनीच सांगितलं, मुतखड्याचं खोटं त्यास्नी पचू देऊ नगा म्हनून. म्हनून तर तांब्या आनला.
मी मंगळवारी पुण्याला सुई, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, मी येतो संगं.
मी विचारलं, तिथली भिंत किती उंच असेल रे?
तो म्हणाला, भिंतीचं इसर मॉनिटर. ह्या टायमाला म्या रांग धरतो, तू फकस्त हूं की चूं कर.