ताईचे आकडे

४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पार्सल सोमवारी पोचलं. डबीत घड्याळासारखा पट्टा आणि चिकटपट्ट्यांची पाकिटं निघाली. ह्यांनी माहितीपत्रक दोनदा वाचलं, लाल पेन्सिलीने त्यातल्या तीन चुका दाखवल्या आणि मगच म्हणाले, की यंत्र बरं दिसतंय. प्रूफं तपासायची नोकरी सुटून अकरा वर्षं झाली, पण छापलेला कागद दिसला की ह्यांचे हात शिवशिवतात. रोजचं वर्तमानपत्र रंगवून झाल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत.

लहानपणी तुला मुंगी म्हणायचो तेव्हा कुणाला ठाऊक होतं, की तू जन्मभर प्रयोगशाळेत लोकांना टोचत बसशील! आणि आता तूच मला बिनटोच्याचं यंत्र पाठवतेस. खरं सांगू, फार बरं वाटलं. मागच्या वेळी दवाखान्यातल्या अकरा दिवसांत माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळेनिळे झाले होते. शीर सापडेना म्हणून शेवटी पायाला टोचलं. त्या खाटेवर मी पुन्हा जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

हे मात्र टुणटुणीत आहेत. मला मीठ बंद झालं तसं त्यांनीही सोडलं. दोन माणसांत दोन भाज्या कशाला, म्हणतात. वर कुठेतरी वाचलं म्हणून सकाळी उठल्या उठल्या दोन बाटल्या पाणी पितात आणि दिवसभर बाटली घेऊनच फिरतात.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, तेव्हा आकडे पत्रानेच कळवीन. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी
ताई

११ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. माहितीपत्रकातल्या चुका मी कंपनीला कळवते, भावजींना बक्षीस मिळेल.

आता नीट वाच. मनगट कोरडं पुसायचं, पट्टी लावून वर पट्टा बांधायचा आणि दहा मिनिटं स्वस्थ बसायचं. त्वचेवर जो नकळत घाम येतो, त्यातून यंत्र अंगातल्या क्षारांचा अंदाज घेतं. पडद्यावर दोन आकडे येतील, सोडियम आणि पोटॅशियम. तुझ्या हृदयाच्या गोळ्यांनी पोटॅशियम अंगात साठतं. ते साडेपाचच्या वर गेलं तर ठोके बिघडू शकतात, म्हणून तसं झालं की त्याच दिवशी दवाखाना. तुला खाट आवडो न आवडो. यंत्र नवं आहे, त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवायचा नाही. शंका आली तर रक्तच तपासायचं.

शाळेत तू आधी पुस्तकामागचं उत्तर बघायचीस आणि मग गणित त्याला जुळवायचीस. बाई तुला हुशार समजायच्या. दोन इयत्ता एकाच खोलीत बसायच्या आणि मी तुझ्या मागच्या बाकावर होते, हे विसरू नकोस. आकडे जसे येतील तसे लिही.

भावजींना नमस्कार. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी
मुंगी

३ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

घे तुझे आकडे. तीन सोमवारचे आहेत. पोटॅशियम ४.२, ४.१, ४.२. सोडियम १३७, १३४, १३१. साडेपाचच्या आसपाससुद्धा कुणी फिरकलेलं नाही, तेव्हा आता झोप शांतपणे.

इकडे नवीन काही नाही. खिडकीची कडी बसवून घेतली. वर्तमानपत्रवाले सुधारलेले दिसतात, ह्यांच्या पेन्सिलीला आठवडाभर काम नाही. नुसतं पान समोर धरून बसतात. वयही झालंच आता. काल एकाच चहासाठी मला तीनदा विचारलं, की साखर घातलीस का. मी फटकारलं, तर वेगवेगळे जोडे घालून फिरायला गेले आणि कोपऱ्यावर धडपडून आले. गुडघ्याला खरचटलंय, बाकी ठीक.

तू तुझ्या पाठीला जप. आमची आठवण काढत जा, आम्ही काढतोच.

तुझी
ताई

९ मार्च

ति. ताईस,
सा. न.

तुझं पोटॅशियम इतकं शहाण्यासारखं वागतंय, याचं मला नवल वाटतं. पण काळजी दुसरीच आहे. सोडियम दर आठवड्याला तीनने उतरतंय. एकशे पस्तीसच्या खाली ते असू नये, आणि असं उतरत जाणं तर मुळीच बरं नाही.

खालचे प्रश्न भावजींना वाचायला दे, कारण ही चिन्हं ज्याची त्याला कळत नाहीत. ताई पाणी फार पिते का? चालताना तिचा तोल जातो का? तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते का? वर्षानुवर्षं हातात बसलेलं काम अचानक जमेनासं झालंय का?

एकाचं जरी उत्तर हो असलं, तरी माझ्या पत्राची वाट बघू नका. तडक जाऊन रक्त तपासा. ताई, या वेळी हट्ट नको, एवढं माझ्यासाठी कर.

तुझी
मुंगी

१३ मार्च, दवाखान्यातून

प्रिय मुंगे,

मघाशी फोनवर तुझं निम्मं बोलणं मला कळलं नाही. उद्याच्या गाडीने येतेस एवढं कळलं. जे वॉर्डात ओरडून सांगता येत नाही ते लिहून इथल्या सिस्टरकडे ठेवते आहे. मला भेटण्याआधी वाच.

ते आकडे माझे नाहीत. पहिल्या सोमवारी मी पट्टा माझ्याच हाताला बांधला. पोटॅशियम ५.८ आलं. मी पट्टा सोडला आणि ह्यांच्या मनगटावर बांधला. हे म्हणाले, की मुंगीला असं फसवणं बरं नाही. मी विचारलं, की मला त्या खाटेवर टाकलं तर तुमच्याकडे कोण बघेल. पुढे दर सोमवारी मुकाट्याने हात पुढे करायचे.

तुझे प्रश्न मी त्यांना दाखवण्याआधी स्वतःच वाचले. मनात एकेकाचं उत्तर देत गेले आणि प्रत्येक उत्तरात मी नव्हते, हे होते. रद्दीतून गेल्या आठवड्याचं वर्तमानपत्र काढलं. पहिल्याच पानावर दोन चुका होत्या. मला सापडल्या मुंगे, मला!

तडक ह्यांना इथे घेऊन आले. ह्यांच्या रक्तात सोडियम १२४ निघालं. अळणी जेवण आणि त्यावर इतकं पाणी, त्याने क्षार विरळ होत गेले, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घाई न करता वर आणणार आहेत, चार-पाच दिवस लागतील. मग त्यांनी विचारलं, की ह्यांचे आकडे घरी टिपून ठेवायचं कुणाला सुचलं. तेव्हा सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. माझी बाही वर करायला लावली. तीनदा टोचल्यावर रक्त आलं. पोटॅशियम ५.९.

आता हे खालच्या मजल्यावर आहेत आणि मला वर बायकांच्या वॉर्डात ठेवलंय. सिस्टरने सुचवलं, की आजोबांना सांगू, आजी घरी आराम करायला गेल्या. मी नको म्हटलं. खाली जाऊन त्यांना स्वतः सांगितलं, की माझंही बरं नाही, मी वरच आहे. त्यांनी माझा हात धरून विचारलं, की मग तुझ्याकडे कोण बघेल. मी सांगितलं, मुंगी येते आहे. जरा वेळाने पुन्हा तेच विचारलं. पुन्हा सांगितलं. सोडियममुळे होतं ते, ठाऊक आहे मला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र हात हातात ठेवून नुसती बसून राहिले.

लवकर ये.

तुझी
ताई