शीळ घातलेलं गाऱ्हाणं

पूर्णगड
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. ईशा हिस भिकाजीकाकाचे अ. उ. आ.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर बोलायची मला बंदी आहे, म्हणून आमच्या सूनबाईंनी, राजश्रीने, याचा फोटो काढून पाठवलाय. घशातली गाठ काढली, साधीच निघाली. पण शिमगा उलटेपर्यंत तोंड उघडायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तुझी काकू भलतीच खूश आहे.

मला काळजी शिमग्याची. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की देवीपुढे वाडीचं गाऱ्हाणं मी घालतो आणि प्रत्येक मागण्याला सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात. वडिलांमागे हा मान माझा. यंदा चुलतभाऊ काशीराम टपून बसलाय. मेला मोबाईलात बघून वाचणार, वीजबिलाची तक्रार केल्यासारखं! एकदा मान गेला की गेला, बाय. जीव नुसता तळमळतो.

तू मेक्सिकोत शीळ घालून बोलणाऱ्यांची भाषा शिकतेस ना? नीट समजावून लिही. लोभ असू दे, जास्त मागायला आवाज नाही.

तुझा काका


वाहाका, मेक्सिको
ता. १२ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस ईशाचा सा. न. वि. वि.

गाठ साधी निघाली हे वाचून मी चक्क रडले.

इथली माझातेक ही ओटोमांगुई कुळातली भाषा. हिच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर असतो. कुठे उंच, कुठे खालचा, कुठे घसरता. सूर चुकला की शब्दच दुसरा. कितीतरी क्रियापदांत शेवटचा सूर बदलला की ‘मी’चा ‘तू’ होतो. म्हणून बाकीचे आवाज गाळून नुसते सूर शिळेत घातले तरी समोरच्याला वाक्य कळतं. काल घरमालकांनी पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाशी मक्याची पोती कधी न्यायची ते असंच ठरवलं. शीळ पुरुषच घालतात. बायकांना सगळं कळतं, पण त्या सहसा घालत नाहीत. मी सराव करते तेव्हा घरमालकीण पोट धरून हसते.

पण काका, मराठीत असे सूर नाहीत. तेव्हा भलतं काही करू नका. काकूला नमस्कार, आणि तुमची माया अशीच राहू दे.

ईशा


पूर्णगड
ता. २५ फेब्रुवारी २०२५

चि. ईशा हिस अ. उ. आ.

‘भलतं काही करू नका’ ही तुझी ओळ मी वाचलीच नाही असं समज.

डॉक्टरांना पाटीवर लिहून विचारलं, शीळ चालेल का? त्यांनी पाटी दोनदा वाचली. मग म्हणाले, हळू घाला. कवळी घातली की नुसता वारा, काढली की तोही नाही. खालची काढून वरची ठेवली तेव्हा जमलं. काल पडवीतून काकूला ‘चहा टाक’ अशी शीळ घातली, तर रस्त्यावरून गोदा कोळीण आत आली आणि बांगडे देऊन गेली. काकू दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

तिकडे काशीरामाने फेटा इस्त्रीला टाकलाय. काहीतरी सुचव गो! आशीर्वाद आहेतच, उत्तर तेवढं लवकर दे.

काका


वाहाका
ता. १ मार्च २०२५

ती. काकांस सा. न. वि. वि.

इथेही कुणी नवीनच काही शिळेत सांगितलं तर लोक पुन्हा विचारतात. रोजचं बोलणं मात्र चटकन कळतं. तुमचं गाऱ्हाणं वाडीला पाठ आहे. शब्द सोडा, तुमचा हेल धरा. जिथे चढता तिथे चढा, जिथे थांबता तिथे थांबा. फसलं तर मान जाईल, हेही खरं. मला तर आत्तापासून धडधडतंय. माझ्यावर राग नसावा, लोभ मात्र असावा.

ईशा


पूर्णगड
ता. २० मार्च २०२५

चि. ईशा हिस कमळाकाकूचे अनेक आशीर्वाद.

हे लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. सहाणेवर यांनी सगळ्यांदेखत खालची कवळी काढून माझ्या हातात दिली आणि शीळ सुरू केली. पहिलं मागणं झालं, सगळे गप्प. पोरं फिदीफिदी हसायला लागली. यांचे कान लालबुंद. मला रडू फुटायचंच बाकी होतं गो. तेवढ्यात दुसऱ्या मागण्याची शीळ वर चढून थांबली आणि कोणीतरी मोठ्याने ओरडलं, ‘होय महाराजा!’ बघते तर काशीराम! फेटा बांधून, मोबाईल उघडून उभा. पण जन्मभराची सवय, गेलं तोंडातून निघून. मग अख्खी वाडी घुमली. मान यांचाच राहिला, आणि मानाचा नारळ काशीरामानेच आणून यांच्या हातात दिला.

तू तिकडे जपून राहा, आमची आठवण ठेव, आणि यांची समजूत काढणारं एक पत्र लगेच पाठव. एरवी यांच्या गाऱ्हाण्यात जेवणाची वेळ टळून जाते, यंदा मात्र सगळं झटपट आटोपलं. त्यामुळे गावकरी घरी येऊन हात जोडून गेलेत, की दरवर्षी शीळच घाला. काल डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली, आवाज अगदी खणखणीत आलाय, आणि हे रुसून गप्प बसलेत.

तुझी काकू