फोटो आला की केक

हार्नोसांद, ९ फेब्रुवारी

योआरदादा,

नाही म्हणजे काय, नाही? फोन उचलायचा नाही आणि वर "बाबांच्या अंत्यसंस्काराला येणार नाही, फुलं पाठवतो" असा मेसेज टाकायचा! फुलं नकोत. केक हवेत. दोन. दुसरा कुणाचा ते मागाहून सांगते, आधी भांडून घेऊ दे.

आम्ही ठीक. आई अंगणातला बर्फ ढकलते, साफ केलेलाही पुन्हा. सारखी माणसं येतायत. कुणाची आजी बाबांनी धुरातून उचलून आणली होती, कुणाची गाय. गायवाल्याने चीज आणलं, आजीवालीने नुसताच आईचा हात धरला. तुझी पाठ कशी आहे?

तुझं गाऱ्हाणं मला पाठ आहे. तुझ्या बेकरीच्या उद्घाटनाला बाबा उमेओला आले, केक कापायला सुरी हातात घेतली आणि फायर स्टेशनचा फोन आला. जंगल पेटलंय, सुट्टीवरच्यांनीही या. घास न खाता गेले ते परत दुकानात आलेच नाहीत. "पेपरात फोटो काढून घ्यायला मात्र वेळ असतो!" हे तुझंच वाक्य.

काल काय झालं ऐक. पेपरात बाबांची बातमी आली, फोटोसकट. दुपारी स्टेशनवरचे सगळे कॉफीला आले. त्यात मेल्केर म्हणून एक आहे, तू गाव सोडल्यावर लागलेला. पेपर टेबलावर ठेवून म्हणतो, "काकू, राग मानू नका, पण बेर्टिलकाकांवर केक बसलाय."

"मेल्यावरसुद्धा?"

"नियम म्हणजे नियम. पेपरात फोटो आला की सगळ्यांना केक."

आई हसायलाच लागली. "मग पगार केकमध्येच गेला असेल ह्यांचा!"

"आम्ही कॅमेरा दिसला की गाडीमागे लपतो. काका मात्र हेल्मेट सरळ करून पुढे. एकदा झाडावरचं मांजर उतरवलं आणि फोटोवाला उशिरा आला. काका मांजर परत वर ठेवायला निघाले!"

"एवढा कसला मेला फोटोचा सोस?"

मेल्केरने कप खाली ठेवला. "फोटोचा नव्हता, काकू. उमेओला जायला कारण हवं असायचं."

दादा, तुझा तो लाल दाढीचा ग्राहक आठवतो? 'ऑफिससाठी' रास्पबेरीचा केक नेणारा, वर हिरवं बदामाचं आवरण जाड हवं म्हणून डोकं खाणारा? तोच मेल्केर. बाबा बाहेर गाडीत, टोपी नाकापर्यंत ओढून. हा म्हणायचा, "चला की आत." बाबा म्हणायचे, "अर्ध्यातून उठून आलोय रे, आता कुठल्या तोंडाने जाऊ?" मग पहिल्याच पेट्रोल पंपावर खोका उघडायचा. स्टेशनवर एकही केक अख्खा पोचला नाही म्हणे! आणि उरलेला वाटताना दम द्यायचे, "माझ्या पोराने केलाय. हळू खा."

तर पुढच्या शुक्रवारी, अकरा वाजता. शवपेटी उचलायला सहा जण लागतात, पाच झालेत. पुढचा उजवा कोपरा मेल्केरने तुझ्यासाठी राखलाय, कुणाला देत नाहीये.

आता दुसरा केक. मंगळवारच्या पेपरात एक फोटो आलाय. तोंड काळं, डोक्यावर हेल्मेट, काखेत कुणाचं तरी कासव. ती मी. गेल्या शरद ऋतूपासून स्टेशनवर पार्ट-टाइम लागलेय. गाठ कशी मारायची, शिडी कशी धरायची, सगळं बाबांनीच शिकवलं. तुला सांगवत नव्हतं. म्हटलं, तू म्हणशील, ही पण आता त्यांच्यासारखी अर्ध्यातून उठून जाणार. नाही जाणार, दादा. निदान तुझ्याशी बोलताना तरी मी नीट बसून, पूर्ण—

स्टेशनचा पेजर वाजला. पाकीट जाताजाता टपालपेटीत टाकते. आवरण जाडच हवं.

निघाले!

तूवा