दुकानातून फोन आला होता

अहो,

नावाने हाक मारायची कधी सवयच नव्हती, त्यामुळे पत्रातही 'अहो'च. या वयात, आणि तेही तुम्ही गेल्यावर, आता नवीन काय शिकू?

आज सकाळी कांबळे भाऊजी तुमच्या कॅमेऱ्यातला शेवटचा रोल धुऊन घेऊन आले. तो पाहिल्यापासून मला घरात बसवत नाहीये. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला. सांगू कुणाला? लेकीला सांगितलं तर म्हणेल, 'आई, कशाला मनाला लावून घेतेस?' ज्यांच्याशी खोटं बोलले त्यांनाच सांगायला हवं, म्हणून तुम्हाला लिहितेय.

आधी जरा भांडून घेते. येरवड्याचा स्टुडिओ बंद करून धायरीच्या या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा दुसरी बाथरूम तुम्ही डार्करूमसाठी घेतलीत. 'तात्पुरती' म्हणालात. तात्पुरती! पाहुणे आले की सकाळी बाहेर रांग, आणि आत तुम्ही लाल दिवा लावून बसलेले. शिवाय फ्रिजमध्ये भाजीच्या खणात फिल्मचे रोल. थंडीत टिकतात म्हणे. कोथिंबीर सुकली तरी चालेल, रोलला काही होता कामा नये! सगळा जन्म सरकारी नोकरीत गेला माझा, साहेबांना सरळ केलं, पण माझ्याच फ्रिजमध्ये मला जागा मिळवता आली नाही.

मग रोल मिळेनासे झाले. तुम्ही गावातल्या त्या फोटोच्या सामानाच्या दुकानात चकरा मारायचात आणि हात हलवत परत यायचात. शेठ म्हणायचे, माल बाहेरून येतो, आला तर आला, पुढचं काही खरं नाही. खण रिकामा होत गेला. मी त्यात कोथिंबीर ठेवली आणि तुम्हाला म्हटलं, "चला, एकदाची माझी सोय झाली." तुम्ही हसलात. मला वाटलं, विनोद जमला.

पुढे तुमचा दम वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, केमिकलचा वास अजिबात नको. मी डार्करूमला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. तुम्ही म्हणालात, "सुलू, मी आत पाऊलही टाकणार नाही. धुवायचं कांबळे बघेल. मी फक्त फोटो काढणार." मी म्हटलं, "बघू." ऑफिसात एखादी फाइल लोंबकळत ठेवायची असली की मी असंच 'बघू' म्हणायचे, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं.

तो फोन आला तेव्हा तुम्ही पलंगावर वाफ घेत होतात, तोंडाला मास्क लावून. वाजला तुमचा मोबाईल. एरवी मी त्याला हात लावत नाही, पण दुकानाचं नाव दिसलं आणि मी तो उचलून गॅलरीत गेले. काचेचं दारही लावून घेतलं. शेठ म्हणाले, "ब्लॅक अँड व्हाइटचे रोल आलेत. थोडेच आहेत. साहेबांसाठी बाजूला ठेवू ना? पुन्हा येतील का, सांगता येत नाही."

मी म्हणाले, "नको आता. त्यांना होत नाही."

तुम्हाला होतं की नाही, हे ठरवणारी मी कोण?

काळजी होती हो. पण आता तरी खोटं कशाला बोलू, कंटाळाही आला होता. त्या वासाचा, त्या खणाचा, स्वतःच्या जिवापेक्षा रोलची चिंता करणाऱ्या तुमचाही. एकदाचं संपू दे हे सगळं, असं मनात आलं होतं माझ्या. आणि संपलात ते तुम्ही!

मी आत आले तेव्हा मास्क तुमच्या तोंडावरच होता, डोळे मिटलेले. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "दुकानातून फोन आला होता का गं?" मी मेथी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही बाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंत, मी पुन्हा तेच सांगितलं. असं काही दिवस चाललं, मग तुम्ही विचारायचं सोडलंत.

त्यानंतर तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावायचात आणि बटण न दाबताच खाली ठेवायचात. समोरच्या बांधकामावरच्या बायका डबा खायला सावलीत बसल्या की नेम धरायचात. मी पोळ्या लाटत असले की माझ्यावर धरायचात. "काढा की!" म्हटलं तर, "राहू दे, पुढच्या वेळी." मला वाटायचं, मन उडालं यांचं. अहो, तुम्ही रोल पुरवून वापरत होतात! आणि मी शेजारी बसून सफरचंद कापत होते.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना आटोपल्यावर, भाऊजींनी कपाटावरचा कॅमेरा पाहिला. आत रोल होता, सात फोटो शिल्लक. "वहिनी, तेवढे तुम्ही काढून संपवा, मग धुतो," म्हणाले. माझा हात काही धजला नाही. आहे तसाच धुवा म्हटलं.

आज निगेटिव्ह खिडकीशी धरून बघत होते. उलट्या रंगात माझे केस काळेभोर! हसूच आलं मला. मग नीट पाहिलं. काचेच्या दारापलीकडे गॅलरीत मी पाठमोरी, खांद्यावर ओला टॉवेल आणि कानाला मोबाईल. तुमचा, तो पुस्तकासारखं उघडणारं कव्हर असलेला. तो मी आयुष्यात एकदाच कानाला लावलाय.

मास्क तोंडावर असताना कॅमेरा डोळ्याला लागत नाही. म्हणजे तुम्ही मास्क काढलात, फोटो घेतलात आणि मी आत यायच्या आधी मास्क परत लावलात.

ऐकू आलं होतं का तुम्हाला? की नुसता उजेड बरा वाटला म्हणून काढलात? शेठचा नंबर तर तुम्हाला तोंडपाठ होता. मग स्वतः फोन का नाही केलात? मलाच का विचारत राहिलात? मी खरं बोलेन म्हणून वाट बघत होतात? एकदा ओरडला असतात माझ्यावर तर काय बिघडलं असतं! एवढा समजूतदारपणा बरा नव्हे हो. मला त्याचाच राग येतोय, आणि कुठल्या तोंडाने रागावू तेही कळत नाही.

भाऊजी बिचारे म्हणाले, "शेठ सांगत होते, फोनवर कुणी बाई नको म्हणाल्या. राँग नंबर लागला असणार, वहिनी. त्यानंतर माल आलाच नाही. माझ्याकडेही आता एकच रोल उरलाय." मी काय केलं असेल? त्यांना लाडू दिला. लाडू! ते 'जयभीम' करून गेले, मी दारात तशीच उभी.

पट्टीच्या शेवटी सात जागा कोऱ्या आहेत. डोळ्याशी धरलं की आरपार समोरचं बांधकाम दिसतं. तिथे तुम्हाला काय हवं होतं? त्या बायका? जयंतीची मिरवणूक? पोळ्या लाटणारी मी? विचारायला हवं होतं मी.

आता ऐका. उद्या भाऊजींना बोलावून सांगणार आहे की राँग नंबर नव्हता, मीच होते. डार्करूमची किल्ली त्यांच्या हातात देणार. मग गावात जाऊन शेठनाही सांगणार. माल परत येईल का, ते त्यांनाही माहीत नाही. पण कोथिंबीर मी आजच खणातून बाहेर काढलीय. तुमचा मोबाईल बंद करणार नाही, रोज चार्ज करेन. आणि दुकानातून फोन आलाच, तर तुमच्या पलंगाशेजारी उभी राहून उचलेन, गॅलरीचं दार सताड उघडं ठेवून, आणि मोठ्याने म्हणेन, "हो, ठेवा. आम्हाला हवेत."

तुमचीच,
सुलू